भाऊ पाचवीतच आणि बहीणही पाचवीत?

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगर भागात राहतो. माझा मुलगा राज्य मंडळाच्या एका खासगी इंग्रजी शाळेत पाचवीत होता. नुकत्याच लागलेल्या निकालात तो गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत नापास झाला आहे. प्राचार्या म्हणतात की जूनमधील फेरपरीक्षेच्या मागे लागू नका, त्याला पाचवी पुन्हा करू द्या. सासूबाईंचेही म्हणणे आहे की एक वर्ष गेले तर गेले, पाया तर पक्का होईल. यजमान म्हणतात की टीसी काढून दुसऱ्या शाळेत सहावीत घालू. त्याच्या धाकट्या बहिणीची तिसरी नुकतीच संपली. ती दादाचे पाचवीचे पुस्तक घडाघडा वाचते आणि त्याची गणितेही सोडवते, म्हणून त्याच शाळेने तिला डबल प्रमोशन देऊन चौथी गाळून थेट पाचवीत बसवण्याचे सुचवले आहे. म्हणजे जूनपासून दोघे एकाच वर्गात! हे निर्णय शाळा कशाच्या आधारे घेते आणि आमचे त्यात काही चालते की नाही? मुलाच्या वहीची काही पाने सोबत जोडत आहे. — एक आई, इंदूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण पत्रासोबत वहीची पाने जोडली, हे फार चांगले केले. निकालपत्रावरील आकड्यांवरून मला आपल्या मुलाविषयी फारसे काही सांगता आले नसते. वहीने बरेच सांगितले. त्याकडे मी लवकरच येते. परंतु आधी आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण पालकांना आपले अधिकार ठाऊक नसले की शाळेच्या कार्यालयात समोर ठेवलेल्या कागदावर सही करून ते घरी परततात आणि मग वर्षभर हळहळत बसतात.

मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे पूर्वी शाळाच ठरवत असे. वार्षिक परीक्षेनंतर शिक्षकांची बैठक भरायची, वर्गशिक्षक यादी वाचून दाखवायचे आणि मुख्याध्यापक सही करायचे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सोळाव्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. यालाच लोक ‘ढकलपास’ म्हणू लागले. पुढे २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पाचवी आणि आठवी या दोन वर्गांच्या शेवटी नियमित परीक्षा घ्यायची, जे मूल त्यात अनुत्तीर्ण होईल त्याला जादा शिकवणी द्यायची, निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची आणि त्या फेरपरीक्षेतही ते अनुत्तीर्ण झाले तरच त्याला त्या वर्गात ठेवण्याची मुभा राज्य सरकार शाळांना देऊ शकते. मध्य प्रदेशाने ही मुभा स्वीकारली असून आपल्याकडे भोपाळचे राज्य शिक्षा केंद्र पाचवी-आठवीच्या परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर घेते आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात. आपले पुण्या-मुंबईचे नातेवाईक ‘आमच्याकडे आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही’ असे सांगत असतील, तर त्यांची माहितीही आता जुनी झाली आहे. महाराष्ट्रातही २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे.

यातून आपल्यासाठी तीन गोष्टी निघतात. फेरपरीक्षा आपल्या मुलाला कायद्याने मिळालेली संधी आहे. ती प्राचार्यांच्या मर्जीवर नाही आणि ‘मागे लागू नका’ हा सल्ला मानण्याचे आपल्यावर कोणतेही बंधन नाही. दुसरे असे की निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामधील जादा शिकवणी हीसुद्धा कायद्याची अट आहे, शाळेने केलेला उपकार नव्हे. आणि तो फेरपरीक्षेत अनुत्तीर्ण झालाच, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत कोणतीही शाळा त्याला काढून टाकू शकत नाही, म्हणून ‘नाहीतर टीसी घेऊन जा’ असे कोणी म्हणाले तर ते शांतपणे ऐकून घ्यावे, पण टीसीचा अर्ज करू नये.

आता वहीकडे वळते. पहिल्या पानावर ७३ मधून २८ वजा करण्याचे उदाहरण आहे आणि मुलाने ४५ हे उत्तर बरोबर काढले आहे. त्याच्याखाली ५०४ वजा २६८ आहे आणि उत्तर लिहिले आहे ३६४. पुढच्या पानावर ६०० वजा ३४७ आणि उत्तर आहे ३४७. ही दोन उत्तरे कशी आली असतील ते आपण जरा थांबून पाहावे. ५०४ मध्ये दशकाच्या जागी शून्य आहे. एककाच्या चारातून आठ जात नाहीत आणि शेजारी हातचा घ्यायला काही नाही, म्हणून मुलाने प्रत्येक घरातील मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : आठातून चार गेले, उरले चार, सहातून शून्य गेले, उरले सहा, पाचातून दोन गेले, उरले तीन. ६०० च्या उदाहरणात त्याने तेच केले आणि जी संख्या वजा करायची होती तीच उत्तर म्हणून खाली आली, तरी त्याला त्याचे नवल वाटलेले दिसत नाही. लाल शाईची फुली तेवढी आहे. बाजूला एक अक्षरही लिहिलेले नाही.

या मुलाला वजाबाकी येत नाही असे म्हणणे चूक आहे. त्याला हातचा घेता येतो, पण मध्ये शून्य आला की शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा करायच्या आणि त्यातील एक मोडून दहा सुटे रुपये करायचे, ही दोन पायऱ्यांची गोष्ट त्याला कोणी कधी दाखवलेली नाही, किंवा दाखवली तेव्हा तो तेथे नव्हता. आपण लिहिले आहे की तिसरीत असताना पावसाळ्यात त्याला विषमज्वर झाला आणि दीड महिना तो शाळेत जाऊ शकला नाही. मला वाटते, गाठ तेथेच बसली. पाचवीच्या पुस्तकात मोठमोठे भागाकार आहेत, अपूर्णांक आहेत, क्षेत्रफळ आहे, आणि भागाकाराच्या प्रत्येक पायरीत वजाबाकी लपलेली असते. त्यामुळे हे मूल भागाकारात चुकते, अपूर्णांकात चुकते, शाब्दिक उदाहरणात चुकते आणि वरून पाहणाऱ्याला वाटते की याला पाचवीचे काहीच येत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याला माझे उत्तर याच पानांत आहे. पाया पक्का व्हावा ही त्यांची इच्छा अगदी योग्य आहे आणि ती त्यांच्या पिढीने अनुभवातून मिळवलेली आहे. परंतु कच्चा राहिलेला पाया तिसरीतला आहे आणि मुलाला बसवायचे आहे पाचवीत. पाचवी दुसऱ्यांदा केली तरी पुस्तक तेच असेल, बाई बहुधा त्याच असतील आणि पहिल्या दिवशी पहिला पाठ पाचवीचाच सुरू होईल. शून्यावरून हातचा कसा घ्यायचा हे शिकवण्यासाठी त्या वर्गाच्या वेळापत्रकात एकही तास नसतो. मग वर्ष जाईल, पण पाया आहे तेथेच राहील.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत वारंवार आढळते. आजोबा ‘हातचा’ म्हणतात, शाळेतील बाई ‘बॉरो’ म्हणतात आणि शिकवणीचे सर ‘उधार’ म्हणतात. इंदूरच्या मराठी मुलाला संख्यांची नावेही तीन भाषांत वागवावी लागतात : घरी सत्तेचाळीस, रस्त्यावर सैंतालीस आणि वर्गात फॉर्टी-सेव्हन. बहुतेक मुले हे सहज पेलतात आणि पुढे त्याचा त्यांना लाभच होतो. परंतु ज्याची मूळ कल्पनाच निसटली आहे, त्याला ही तीन नावे म्हणजे तीन वेगवेगळ्या युक्त्या वाटतात. म्हणून पुढील काही आठवडे घरातील सर्वांनी गणिताचे शब्द एकाच भाषेत वापरावेत. फेरपरीक्षा इंग्रजीत आहे, तेव्हा परीक्षेचे शब्द इंग्रजी राहू द्यावेत आणि समजावणे मात्र मराठीतच करावे.

मागे ठेवल्याने मुले सुधारतात का, या प्रश्नावर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील संशोधक होम्स यांनी १९८९ मध्ये असे ६३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांतील ५४ अभ्यासांत मागे ठेवलेल्या मुलांची स्थिती, तशाच कच्च्या असूनही पुढे गेलेल्या मुलांपेक्षा वाईट आढळली. शिकागो शहराने १९९६ मध्ये ढकलपास बंद करून तिसरी, सहावी आणि आठवीत मुलांना रोखणे सुरू केले. तेथील अभ्यासात सहावीत रोखलेल्या मुलांचे नुकसानच झालेले दिसले. याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. फ्लोरिडा राज्यात तिसरीत वाचनात मागे पडलेल्या मुलांना रोखले, तेव्हा पुढील काही वर्षे त्यांची प्रगती चांगली झाली, जरी तिचा काही भाग नंतर ओसरला. परंतु तेथे मुलांना नुसते रोखले नव्हते. उन्हाळ्यात वाचनाची शिबिरे घेतली, दररोज नव्वद मिनिटे वाचनासाठी राखली आणि ज्यांचे शिकवणे चांगले ठरले होते असे शिक्षक त्यांना दिले. मग गुण रोखण्याचा होता की त्या नव्वद मिनिटांचा, हे आपणच पाहावे.

ढकलपासची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही, हेही स्पष्ट करते. काही न शिकता मूल वर चढत गेले तर त्याची फसवणूक होते आणि ती फसवणूक आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. ग्रामीण भागातील ‘असर’ या पाहणीत २०२४ मध्ये तिसरीच्या केवळ ३३.७ टक्के मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी करता आली; २०२२ मध्ये हेच प्रमाण २५.९ टक्के होते. म्हणजे आपल्या मुलाची अडचण जगावेगळी नाही. कायद्याच्या चोविसाव्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे आणि गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य सांगितले होते. शाळांनी मुलांना वर ढकलायचे तेवढे लक्षात ठेवले आणि हे कलम बाजूला पडले. आता मागे ठेवण्याचा अधिकार परत मिळाल्यावरही तेच होईल, अशी मला खरी भीती वाटते.

ही भीती माझ्या स्वतःच्या अनुभवातून आली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, येथील एका शाळेत मी सातवीची वर्गशिक्षिका असताना, निकालाच्या बैठकीत एका मुलाला सातवीतच ठेवावे असे मी सुचवले होते. त्याची इंग्रजी आणि गणिताची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी होती आणि पुढच्या वर्गात त्याचे हसे होईल असे मला मनापासून वाटत होते. पुढील वर्षी तो माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसला. उंचीने तो इतर मुलांपेक्षा एक वीत अधिक होता, त्याचे मित्र वरच्या मजल्यावर गेले होते आणि मी त्याला तेच धडे, त्याच शब्दांत, त्याच खडूने शिकवत होते. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही. त्याला नेमके काय येत नव्हते हे मी त्या दोन वर्षांत एकदाही शोधले नव्हते. आज आपल्या मुलाच्या वहीची पाने मी जेवढा वेळ पाहिली, तेवढा वेळ मी त्याची वही कधीच पाहिली नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा आहे. मुलाला फेरपरीक्षेला अवश्य बसवावे आणि त्यासाठी आजच प्राचार्यांच्या नावे एक साधा लेखी अर्ज द्यावा. त्यात चार ओळी पुरेत : आमचा मुलगा फेरपरीक्षेला बसणार आहे, कायद्याप्रमाणे त्याला मिळणारी जादा शिकवणी कोणत्या तारखेपासून, कोणत्या वेळी आणि कोण घेणार आहे ते कळवावे, दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिका आम्हाला शिक्षकांसमोर बसून पाहायच्या आहेत, आणि अर्धवार्षिक, लेखी व प्रकल्प यांपैकी नेमके कोठे गुण कमी पडले ते समजावून द्यावे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. भाषा विनयाची असावी, कारण याच शिक्षकांकडून आपल्याला काम करून घ्यायचे आहे. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर अर्जाची प्रत विकासखंडाच्या शिक्षण कार्यालयात किंवा जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे देता येते, पण तेथपर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही.

घरी दररोज अर्धा तास पुरेसा आहे. खेळण्यातील किंवा कागदाच्या नोटा घ्याव्यात : शंभराच्या सहा, दहाच्या वीसेक आणि काही सुटी नाणी. दुकानदार म्हणून आजोबांना बसवावे. मुलाजवळ सहाशे रुपये आहेत आणि त्याला तीनशे सत्तेचाळीस द्यायचे आहेत, सुटे नाहीत, आता काय करशील, एवढेच विचारावे. तो एक शंभराची नोट मोडेल, मग दहाची एक मोडेल, पैसे देईल आणि हातात उरलेले दोनशे त्रेपन्न मोजेल. हे तीन-चार दिवस झाल्यावरच तीच कृती कागदावर उतरवावी आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘उरलेले आणि दिलेले मिळून सहाशे होतात का?’ हे त्यानेच तपासावे. ही तपासणीची सवय त्याला लागली तर ३४७ हे उत्तर लिहून तो पुढे जाणार नाही. हे जमेपर्यंत भागाकाराला हात लावू नये. इंग्रजीच्या वहीत मला शब्दांची स्पेलिंगे चुकलेली दिसली, परंतु वाक्ये अर्थाला धरून आहेत. तेथे दररोज एक परिच्छेद मोठ्याने वाचून त्याची दोन उत्तरे स्वतःच्या वाक्यांत लिहिणे, एवढे करावे.

एकदा डोळे आणि कान तपासून घ्यावेत, विशेषतः तो फळ्यावरचे उतरवताना चुकत असेल तर. एवढे नेटाने करूनही अक्षरे आणि अंक सतत उलटसुलट होत राहिले, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घेण्यास संकोच करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि शाळेने अशा मुलांना लवकर ओळखून त्यांच्या शिकवण्यात बदल करणे अपेक्षित आहे. आपण पाठवलेल्या पानांवरून मला तशी शंका येत नाही.

यजमानांनी सुचवलेला मार्ग त्यांच्या काळजीतूनच आला आहे, पण तो मी चुकीचा मानते. नवी शाळा पाचवीची गुणपत्रिका मागेल, टीसीवर वर्ग लिहिलेला असेल आणि मुलाची नोंद आता यू-डाइस या देशभरातील शाळांच्या सरकारी संगणकीय नोंदींतही असते. काहीतरी लपवूनच सहावीत प्रवेश मिळवावा लागेल आणि ते लपवले जात आहे हे दहा वर्षांच्या मुलाला कळल्याशिवाय राहणार नाही. शिवाय नव्या शाळेतही तो शून्य त्याच्यासोबत जाईलच. शाळा आवडत नसेल तर फेरपरीक्षेच्या निकालानंतर जरूर बदलावी. त्या वेळी जो वर्ग असेल तो मोकळेपणाने सांगून.

सुटीत मे महिन्यात मुलांना आजोळी पुण्याला नेणे रद्द केल्याचे आपण ओझरते लिहिले आहे. कृपया रद्द करू नये. दहा दिवस नोटांचा खेळ आजोळच्या आजीसोबतही खेळता येतो. नापास झालो म्हणून सगळ्यांची सुटी गेली, हे ओझे त्याच्या डोक्यावर नको, आणि ते बहिणीच्या तोंडून त्याला ऐकावे लागेल हे तर मुळीच नको.

आता मुलीविषयी. पात्र मुलाला पुढच्या वर्गात घालण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. लोकांना वाटते की लहान मूल मोठ्यांत बुजेल, एकटे पडेल. परंतु नीट पारखून पुढे नेलेली मुले अभ्यासात टिकतात आणि बहुतेक वेळा मित्रांतही रमतात, असे याविषयीचे संशोधन सांगते. अडचण पारखण्यातच आहे. मुलाला मागे ठेवण्याबाबत कायदा बोलतो. शाळेत शिकत असलेल्या मुलाला एक यत्ता गाळून पुढे नेण्याबाबत मात्र तो कोणतीही पद्धत घालून देत नाही, त्यामुळे तो निर्णय शाळेच्या आणि आपल्या विवेकावर येऊन पडतो. म्हणूनच आपला होकार किंवा नकार येथे फार महत्त्वाचा ठरतो.

शाळेने पाहिले काय, तर ती पाचवीचे पुस्तक वाचते. परंतु ती हे कोठे शिकली? आपणच लिहिता की संध्याकाळी दोघे एका टेबलावर अभ्यासाला बसतात आणि दादाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती आधी देते. म्हणजे वर्षभर पाचवीचा अभ्यास तिने कानांनी केला आहे. ती हुशार आहे यात शंका नाही. परंतु कानावर पडलेले सांगणे आणि न ऐकलेले स्वतः सोडवणे यांत अंतर असते. तिला न पाहिलेल्या पुस्तकातील चौथीची संपूर्ण वार्षिक प्रश्नपत्रिका, ठरलेल्या वेळेत, एकटीने सोडवायला द्यावी. मग पाचवीच्या पहिल्या सत्राची. तोंडी उत्तरे नव्हेत, लिहिलेली. सलग पानभर लिहिताना सव्वाआठ वर्षांचा हात थकतो का, हेही पाहावे. आणि तिला स्वतःला काय हवे आहे हे भाऊ जवळ नसताना विचारावे.

वयाचाही हिशेब करावा. जानेवारीत जन्मलेली ही मुलगी सव्वापाचव्या वर्षीच पहिलीत गेली, म्हणजे वर्गात ती आधीच लहान आहे. चौथी गाळली तर बारावी संपताना ती सव्वासोळा वर्षांची असेल. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तिचा वाढदिवस त्यानंतर काही दिवसांनी येतो. ती डॉक्टर होईलच असे नाही, पण आज वाचवलेले वर्ष तेथे थांबून घालवावे लागेल, एवढे ध्यानात असावे.

या सर्वांहून मोठे कारण आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळींत आहे. पुढे घालण्याचा निर्णय नीट तपासून घेता यावा म्हणून अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील अभ्यासकांनी एक मोजपट्टी तयार केली आहे. तिच्यात काही अटी अशा आहेत की त्या आढळल्या तर मूल कितीही हुशार असले तरी यत्ता गाळू नये, आणि त्यांपैकी एक म्हणजे ज्या वर्गात घालायचे त्या वर्गात सख्खे भावंड असणे. मुलगा जूनमध्ये सहावीत गेला तरी माझे मत या वर्षापुरते बदलणार नाही, कारण फेरपरीक्षेचा निकाल लागेपर्यंत तिच्या वर्गाचा निर्णय टांगून ठेवावा लागेल आणि घरातील प्रत्येकाच्या मनात भावाच्या गुणांवर बहिणीचा वर्ग ठरत असल्याचे चित्र तयार होईल. दोघे पाचवीत एकत्र बसले, तर रोज हजेरी घेताना त्याचे नापास होणे पुन्हा पुकारले जाईल, आणि दादाला हरवून मोठे व्हायचे असते हे तिला वयाच्या आठव्या वर्षी शिकवले जाईल.

तेव्हा शाळेचे आभार मानून आपण असे सांगावे की ती चौथीतच बसेल, मात्र तिला तेथे रिकामी बसवू नये. यत्ता न गाळताही पुढे जाता येते. जे तिला येते ते पाठ तिच्याकडून पुन्हा करून न घेता तो वेळ ग्रंथालयाला किंवा अवघड उदाहरणांना द्यावा. गणिताची तिची तयारी वरील प्रश्नपत्रिकांत खरोखर दिसली, तर सहामाहीनंतर फक्त गणिताच्या तासाला तिला वरच्या वर्गात बसू द्यावे, अर्थात भाऊ त्या वर्गात नसेल तरच. पुढील वर्षी हा विषय पुन्हा काढता येईल. मात्र नववीपासून मंडळाची नोंदणी सुरू होते आणि तेथे यत्ता गाळण्याची वाट व्यवहारात बंद होते, म्हणून विचार करायचा तो त्याआधीच.

आणि त्या दोघांचे अभ्यासाचे टेबल आजपासूनच वेगळे करावे. जागा नसेल तर वेळ वेगळी करावी : तो बसला असताना ती अंगणात खेळेल किंवा स्वयंपाकघरात आपल्याजवळ गोष्टीचे पुस्तक वाचेल. तो उत्तर शोधत असताना जो अर्धा मिनिट जातो, तो त्याचा स्वतःचा राहू द्यावा.

सर्व प्रयत्न करूनही तो फेरपरीक्षेत उत्तीर्ण झाला नाही, तर त्याला पाचवीत बसावे लागेल. तसे झाल्यास वर्ग सुरू होण्यापूर्वी शाळेकडून एकच गोष्ट लेखी मागावी : या वर्षी त्याच्यासाठी मागील वर्षापेक्षा काय वेगळे केले जाणार आहे. शक्य असल्यास तुकडी आणि शिक्षिका बदलून मागाव्यात. त्याचे जुने मित्र संध्याकाळी घरी येत राहतील असे पाहावे, आणि ही बातमी त्याला आपण व यजमानांनी एकत्र बसून, सासूबाईंशी आधी बोलून, सरळ शब्दांत सांगावी. ती त्याला शाळेच्या फलकावर किंवा शेजाऱ्यांकडून कळू नये. मात्र आज तरी ती वेळ आलेली नाही, हाताशी पुरेसे आठवडे आहेत आणि शून्यावरून हातचा घेण्यास शिकायला एवढे आठवडे लागत नाहीत.

प्राचार्यांकडून अर्जाला काय उत्तर आले ते अवश्य कळवावे. नोटांचा खेळ आठवडाभर झाल्यावर त्याने सोडवलेल्या उदाहरणांचे एक पान पुन्हा पाठवावे, न खोडता, चुकांसह. ६०० वजा ३४७ हे उदाहरण त्यात असू द्यावे. मुलीच्या प्रश्नपत्रिका झाल्या की त्याही पाठवाव्यात, म्हणजे सहामाहीनंतरच्या गणिताच्या तासाविषयी आपल्याला नेमके बोलता येईल.